वाड्याच्या वारसांना, परत आलेल्या पाच पाकिटांनंतर

धुळे ४२४००१

आमच्या गल्लीतील मोठ्या वाड्याचे सर्व मालक व वारस यांस,

सविनय नमस्कार.

हे पत्र खुले लिहीत आहे, कारण बंद पाकिटातले पत्र आपल्यापर्यंत पोचत नाही याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे. टपाल खात्यात ३६ वर्षे काम करून मी २०२३ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा अर्धवट पत्त्यावरही पत्र कसे पोचवायचे हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. गेल्या वर्षी जुलैत वाड्याची मागची भिंत पडल्यावर मी मिळकत पत्रिकेचा उतारा काढला, त्यावरची नऊ नावे उतरवून घेतली, त्यांपैकी दोघे हयात नसल्याचे कळल्यावर उरलेल्या सात जणांचे पुणे, नाशिक, ठाणे आणि सुरत येथले पत्ते सोयऱ्याधायऱ्यांकडून मिळवले आणि सातही जणांना पोचपावतीसह रजिस्टर पत्रे पाठवली. (रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. जन्मभर ज्या खिडकीच्या आत बसले, तिच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्या बाहेर रांगेत उभी राहिले.) पाच पाकिटे परत आली. दोनांवर ‘दार बंद’ असा शेरा होता, दोनांवर ‘पत्ता सोडून गेले’ असा आणि एकावर ‘घेण्यास नकार’. सहाव्याची पोचपावती सहीनिशी आली, उत्तर आले नाही. सातव्यांनी मात्र फोन केला. “काकू, आमच्यातच अजून काही ठरत नाही, बघू,” एवढे बोलून त्यांनी तो ठेवला.

आता आपल्यात काहीतरी ठरलेले दिसते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली. वाड्याची मिळकत विकण्याचे मालकांनी मान्य केले असून ती निर्वेध, बोजारहित आणि मोकळी असल्याची हमी त्यांनी दिली आहे, कोणाचा हक्क किंवा हितसंबंध असल्यास त्याने १४ दिवसांत कळवावे, असा तिचा मजकूर होता. दोन भाडेकरू कुटुंबे ज्या वाड्यात आज रात्रीही झोपणार आहेत, तो ‘मोकळा’ कसा, हे मी आपल्या वकिलांना लेखी विचारले आहे. माझ्यापुरते सांगायचे तर वाड्यावर माझा हक्क काहीच नाही. हितसंबंध मात्र आहे, आणि तो दीड हात जाडीचा आहे. आपल्या वाड्याची पूर्वेकडची भिंत आणि माझ्या तीन खणांच्या घराची पश्चिमेकडची भिंत एकच आहे.

या भिंतीशी माझा संबंध १९८६ मध्ये मी या गल्लीत सून म्हणून आले तेव्हापासूनचा. आपल्यापैकी चौघांना मी चड्डीत पाहिले आहे. आपल्या आजीला, म्हणजे जिजींना, मी सासूइतकेच मानले आणि आपल्या घरच्या अण्णांनी मला मोडी वाचायला शिकवले. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्यात कठोर काही वाटल्यास ते घरच्या बाईने लिहिले असे समजावे.

वाड्याच्या देवडीवरच्या, म्हणजे पुढच्या दारावरच्या, तुळईवर शके १७९६ कोरलेले आहे, म्हणजे इसवी सन १८७४. अण्णा सांगत की १८७२ च्या पांझरेच्या महापुरात मूळचे घर गेले आणि दोन वर्षांनी हे उभे राहिले. जागा मात्र त्याहून जुनी आहे, आणि ती आपल्या घराण्याकडे कशी आली हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून धुळे निवडले. तेव्हाचे धुळे म्हणजे पाटाचे पाणी आणि नदी यांच्यामध्ये बागाइताने वेढलेले लहानसे गाव. ठाणे नेमले तरी माणसे कोठून आणायची हा प्रश्न होताच. तेव्हा १८१९ पासून दूरदूरचे कारागीर बोलावले गेले, नव्या वस्तीत घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने देण्यात आल्या आणि पक्की घरे बांधता यावीत म्हणून गावच्या तसेच बाहेरच्या लोकांना पैसे आगाऊ दिले गेले. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये हे सगळे नोंदलेले आहे. अण्णांच्या दप्तरात आपल्या जागेच्या कागदाची मोडी नक्कल होती. ती त्यांनी मला एका दुपारी कंदिलाच्या काचेसारखी जपून उलगडून दाखवली होती. “ही जागा आपण विकत घेतलेली नाही, वस्ती करा म्हणून मिळालेली आहे,” असे ते म्हणाले होते.

जागा देणाऱ्याने वस्ती मागितली होती, आणि ती जमलीही. त्या वस्तीत किती प्रकारची माणसे आली हे मला टपालामुळे कळले. आमच्या गल्लीच्या थप्पीत पत्ता इंग्रजीत आणि मजकूर गुजरातीत अशी पोस्टकार्डे असत. कोपऱ्यावरच्या बोहरी लोखंडवाल्यांची पत्रे गुजरातीतच येत, पण सुरुवात वेगळ्या सलामाने होई. मोमीन कुटुंबांना मालेगावहून आणि उत्तर प्रदेशातून उर्दूत पत्रे येत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कापडवाल्या आजोबांना उल्हासनगरहून जी पत्रे येत, ती उजवीकडून डावीकडे लिहिलेली असत आणि मी ती बराच काळ उर्दूच समजत होते, तेव्हा त्यांनी एकदा मला खिडकीपाशी उभे करून दोन्हींतला फरक दाखवला. मारवाडी, वाणी, शिंपी, कासार आणि साक्री-शिरपूरकडून मजुरीला येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी भिल्ल कुटुंबे यांच्या घरांत पाच भाषा बोलल्या जात असल्या, तरी ओट्यावर बसले की सगळे अहिराणीवर येत. या शहरात गणपतीची पालखी मशिदीपाशी थांबते आणि मौलवी तिच्यावर फुले वाहतात, हे दरवर्षी छापून येते आणि ते खरेही आहे. परंतु शेजार त्या एका दिवसाचा नसतो. तो उरलेल्या ३६४ दिवसांत कोणाच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर, कोणाचे बिबडे (ज्वारीचे पापड) वाळतात यावर चालतो.

आणि बिबडे आपल्या धाब्यावर वाळत, कारण गल्लीत तेच सर्वांत मोठे होते. उन्हाळ्यात जिजी जिना उघडा ठेवत. सहा-सात घरच्या बायका पहाटे शिजवलेल्या पिठाची पातेली घेऊन वर जात, जुनी धोतरे पसरत, कडेला दगड ठेवत आणि राखणीला एक म्हातारी व दोन पोरे बसवत. बोहरी घरच्या मुलींना बिबडे थापता येत नसत, त्या कुरडयांच्या सोऱ्याला हात लावत. या वर्दळीचा एक फायदा आपल्या घराला होत असे, तो त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नाही. मातीच्या धाब्यावर माणसाचे पाय फिरत असले की ते दबून राहते, कोठे भेग पडली, कोठे उंदराने बीळ केले ते लगेच दिसते आणि रोहिण्यांच्या आधी खारी माती टाकून ते बुजवले जाते. जिना बंद झाला, त्याबरोबर ही फुकटची राखण गेली.

आता तक्रारी.

पहिली तक्रार भिंतीची आहे आणि तीच सर्वांत मोठी आहे. जिजी २०११ च्या दिवाळीत नाशिकला गेल्या, त्यानंतर वाड्याच्या मालकांपैकी कोणी पावसाळ्याआधी धाब्यावर चढलेले नाही. मागच्या बाजूच्या पन्हळीत पिंपळ उगवला. तो वीतभर असताना मी फोनवर सांगितले, हातभर झाल्यावर पुन्हा सांगितले. मुळांनी पन्हळ बंद केली, पाणी धाब्यावर साचू लागले, भिंतीच्या माथ्यावरून आत उतरू लागले आणि कडीपाटाची, म्हणजे लाकडी छताची, भिंतीत बसवलेली टोके कुजली. त्यात १९९८ मध्ये आपल्या वडिलांच्या पिढीने भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तिचे सोडणे बंद झाले आणि आत मुरलेले पाणी आतच राहिले. गेल्या जुलैतल्या त्या रात्री दहा-बारा मिनिटे पाटावरून धान्य ओतल्यासारखा आवाज येत होता, मग एकदम धप्प झाले आणि माझ्या देवघरातल्या कोनाड्यातून धुळीचा लोट आला. सकाळी पाहिले तर मागच्या चौकात छातीइतका ढिगारा होता आणि त्यातून सागवानी कडीची दोन टोके वर आलेली होती, आतून काळी, हाताने चुरडली तर तपकिरीसारखी भुगा होणारी. माणूस त्या बाजूला कोणी नव्हते, हे आपले आणि आमचे नशीब.

तो ढिगारा आज दहा महिने तसाच आहे. तो सामाईक भिंतीला टेकून पडलेला असल्यामुळे त्याची ओल आता माझ्या घरात उतरली आहे आणि भिंतीला पोट आले आहे. मी जानेवारीत तिच्यावर पेन्सिलने एक रेघ ओढून ओळंबा धरला होता. होळीनंतर पुन्हा धरला तेव्हा पोट दोन बोटे पुढे आले होते. समोरच्या शिंपीण मावशी रोज जाता-येता म्हणतात, “आज नही ते सकाय हाई भीत पडी, बाई.” (आज नाही तर उद्या ही भिंत पडेल.) त्यांना मी काय उत्तर द्यावे हे आपणच सांगावे.

दुसरी तक्रार भाडेकरूंच्या वतीने आहे. त्यांनी सांगितल्यावरूनच ती येथे मांडत आहे. देवडीच्या डाव्या हाताच्या खोलीत बसणारे टेलर महिना ६० रुपये भाडे देतात. हे भाडे आजच्या काळात हास्यास्पद आहे, हे ते स्वतः म्हणतात आणि ते वाढवून द्यायची त्यांची तयारी आहे. परंतु वाढवून घ्यायला समोर कोणी यावे लागते. गेली चार वर्षे ते मनीऑर्डरने भाडे पाठवतात, साठ रुपयांवर तीन रुपये हशील भरतात, आणि मनीऑर्डर नाकारून परत येते. भाडे घ्यायचे नाही आणि पुढे कोर्टात ‘भाडे थकवले’ म्हणायचे, ही युक्ती जुनी आहे. टपाल खात्यात तिला आम्ही रोज शिक्का मारत होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर दुरुस्त ठेवणे हे मालकाचे काम आहे, आणि नोटीस देऊनही त्याने १५ दिवसांत ते केले नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. टेलरसाहेबांच्या बाबतीत हा चौथा हिस्सा १८० रुपये होतो. तेवढ्यात गवंड्याची अर्धी हजेरीही होत नाही. कायद्याने दिलेला हा हक्क त्यांच्या हातात असा आहे, म्हणून मी आपल्या कायदेशीर जबाबदारीपेक्षा आपल्या लाजेलाच हात घालत आहे.

तिसरी तक्रार लाकडाची. फेब्रुवारीत दोन दिवस एक टेम्पो देवडीशी उभा होता आणि ओसरीचे चार खांब, त्यांचे हस्त (खांबांवरचे लाकडी टेकू) आणि दिवाणखान्याची कोरीव महिरप काढून नेण्यात आली. खांबांच्या जागी लोखंडी पाइप उभे केले आहेत. असे सागवान हॉटेलांच्या दारात आणि शेतघरांच्या व्हरांड्यात जाऊन बसते, त्याला भावही चांगला येतो, आणि माल आपला आहे हे मला मान्य आहे. पण खांब हे सामान नसते. ज्यांच्या डोक्यावर ती ओसरी आहे त्यांना न विचारता, अभियंत्याला न दाखवता आणि बहुधा सगळ्या वारसांनाही न सांगता खांब काढले गेले. (तसे असेल तर ज्या वारसांना ही बातमी येथेच कळत असेल, त्यांनी माझे नव्हे, त्या टेम्पोचे भाडे ज्यांनी दिले त्यांचे आभार मानावेत.)

चौथी तक्रार कागदांची आहे, आणि तिच्याबद्दल लिहिताना मला संयम ठेवणे जड जाते. भिंत पडली तेव्हा तिच्यातले बळद, म्हणजे धान्य साठवायची पोकळी, फुटले. बळदात धान्य नव्हते, अण्णांची दप्तरे होती. कापसाच्या आडतीच्या लांबट वह्या, तांबड्या रुमालात बांधलेले मोडी कागद, गुजरातीतल्या हुंड्या, लग्नाच्या याद्या. पावसात भिजलेली अशी अकरा बासने (कापडात बांधलेले गठ्ठे) टेलरसाहेबांच्या मुलांनी आणि मी उचलून माझ्या माजघरात आणली, पानापानांत वर्तमानपत्र घालून पंख्याखाली वाळवली. उरलेली ऑक्टोबरात आपल्यापैकी कोणाच्या तरी सांगण्यावरून भंगारवाल्याने किलोवर नेली. जागेच्या त्या कागदाची नक्कल माझ्याकडच्या अकरा बासनांत नाही.

हे कोठे घडले ते पाहा. या धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अखेरचा श्वास घेतला. गावोगाव पायपीट करून ज्यांनी कुलकर्ण्यांच्या आणि सावकारांच्या माळ्यांवरची दप्तरे उतरवून घेतली, ते १९२६ च्या डिसेंबरात येथे वारले आणि त्यांचा संग्रह जपण्यासाठी पुढच्याच वर्षी येथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून रामदासी बाडे जमवून समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली, तीही याच शहरात. ज्या गावात कागद सांभाळण्याची एवढी सोय आहे, तेथे एक रिक्षा करण्याचे कष्ट न घेता दीडशे वर्षांची दप्तरे रद्दीत गेली.

पाचवी तक्रार मागच्या दिंडीची, म्हणजे मागच्या लहान दाराची, आहे. आपला वाडा या गल्लीतून त्या गल्लीत आरपार आहे. मागची दिंडी मुळात कशासाठी होती हे विसरून मला तिचे गोडवे गायचे नाहीत. जिजींच्या सासूच्या काळात सफाईला येणाऱ्या बायका त्या दिंडीतूनच आत घेतल्या जात आणि चौकातल्या विहिरीला त्यांना हात लावू दिला जात नसे. हे जिजींनीच मला सांगितले होते, मान खाली घालून. पुढे काळ बदलला, विहीर सगळ्यांची झाली आणि दिंडी ही दोन गल्ल्यांची वाट झाली. एका गल्लीत बहुतेक हिंदू आणि दुसरीत बहुतेक मुसलमान राहतात, हेही लिहायला हवे. २००८ च्या आणि २०१३ च्या दंगलीनंतर शहरात संचारबंदी लागली तेव्हा मुख्य रस्त्यावर पाय ठेवता येत नव्हता. त्या दिवसांत त्या दिंडीतून तिकडून दूध आणि पाव येत, इकडून पीठ आणि इन्सुलिन जाई. जिजींनी दोन रात्री देवडीत खाट टाकून दिंडीची कडी स्वतःच्या हाताशी ठेवली होती. मी हे २००८ चे सांगते आहे, २०१३ मध्ये त्या येथे नव्हत्या आणि ते काम शिंपीण मावशींनी केले.

भिंत पडल्यानंतर आपण त्या दिंडीला लोखंडी पत्रा ठोकून कुलूप लावले. सुरक्षिततेसाठी ते आवश्यक होते असे कोणी म्हणेल, तर पुढच्या देवडीतून रोज मुले शाळेला जातात तिची सुरक्षितता कोणी पाहिली? वीस वर्षांहून जास्त काळ चालत आलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क मिळतो, असे मी वकिलांना म्हणून पाहिले. त्यांचे म्हणणे असे की अण्णांनी ती वाट परवानगीने दिलेली होती, आणि परवानगीच्या वाटेवर असा हक्क जडत नाही. म्हणजे अण्णा चांगले वागले म्हणूनच आज आमचा दावा बसत नाही. असो.

बारीकसारीक तक्रारी आणखी आहेत. चौकात वाढलेले गवत, विहिरीतले डास, देवडीत रात्री येऊन बसणारी दारुडी मंडळी. त्यांची मी येथे यादी करत नाही. वरच्या पाचांचे काही झाले तर त्या आपोआप सुटतील.

आपली बाजूही मला दिसते. नऊ हिस्से, वाटपाचा जुना दावा, कोणाला मुलाच्या शिक्षणाला पैसे हवे आहेत, कोणाचे आजारपण आहे. मातीचे घर सांभाळायला जो खर्च आणि जी माणसे लागतात ती आता पुण्यात बसून जमत नाहीत. वाडा विकू नका, अशी माझी मागणी नाही. मी स्वतः माझ्या घराला मागे स्लॅब टाकला आहे आणि उन्हाळ्यात त्या खोलीत बसवत नाही हेही भोगते आहे. तेव्हा जुने सगळे ठेवा असा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. तुमचे घराणे दरवर्षी श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला येथे जमत असे, माणसामागे मुठी मोजून गहू काढले जात आणि जे आले नाहीत त्यांचीही मूठ जिजी बाजूला काढत. २०११ नंतर ते बंद झाले. तो आपल्या घरचा प्रश्न आहे. परंतु विक्रीचा कागद होईपर्यंत आपण मालक आहात, आणि मालक या शब्दात शेजारी हा शब्द येतो, एवढेच माझे म्हणणे आहे. मृग लागायला महिना राहिला आहे. म्हणून पुढील मागण्या करते.

एक : सर्व वारसांनी मिळून एका माणसाचे नाव, चालू पत्ता आणि फोन क्रमांक लेखी कळवावा, ज्याच्याशी वाड्याबाबत बोलता येईल. धुळ्यात राहणारा असल्यास उत्तम.

दोन : मेअखेर ढिगारा उचलावा, सामाईक भिंतीला ती उतरवेपर्यंत टेकू द्यावा, पन्हळीतला पिंपळ मुळासकट काढावा आणि ओसरीच्या लोखंडी पाइपांची अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. टेकूच्या खर्चाचा निम्मा वाटा मी देईन. भिंत निम्मी माझी आहे. ढिगाऱ्याचा देणार नाही.

तीन : दोन्ही भाडेकरूंचे भाडे स्वीकारावे, आणि विक्रीच्या करारात त्यांचे काय होणार हे करार होण्यापूर्वी त्यांना लेखी सांगावे. ‘मोकळी मिळकत’ हे शब्द त्या करारात असू नयेत, कारण ते खरे नाहीत.

चार : माझ्याकडे असलेली अकरा बासने राजवाडे संशोधन मंडळासारख्या एखाद्या संग्रहाकडे देण्यास आपली लेखी संमती द्यावी. ती आपली आहेत, म्हणून मी स्वतःहून दिलेली नाहीत. यादी केली आहे, प्रत मागवल्यास पाठवीन. भंगारात गेलेल्यांपैकी काही कोणाकडे असेल तर त्यांनी ते परत आणावे, मी कोणी काय नेले ते विचारणार नाही.

पाच : वाडा पाडायचाच असेल तर आधी त्याचे मोजमाप, नकाशा आणि छायाचित्रे करू द्यावीत. आमच्या गल्लीतला एक मुलगा वास्तुकला शिकतो आहे, तो आणि त्याचे मित्र हे काम विनामूल्य करायला तयार आहेत. त्यांना आठ दिवस कुलूप उघडून मिळावे. शके १७९६ ची तुळई विकू नये, नवी इमारत झाल्यावर तिच्या दारात बसवावी.

सहा : नव्या नकाशात मागच्या बाजूने पायवाट ठेवावी, आणि ती ठेवण्याची अट खरेदीदारावर करारातच घालावी. चार फूट पुरेत. विहीर बुजवू नये, तिच्यावर जाळी बसवावी.

या पत्राची प्रत मी आपल्या वकिलांना हरकत म्हणून मुदतीत दिली आहे आणि तिची पोच माझ्याकडे आहे. परत आलेली पाच पाकिटे मी फोडलेली नाहीत; ज्यांची त्यांना हवी असतील तर ती माझ्याकडे मिळतील. जिजींनी जाताना दिलेला किल्ल्यांचा जुडगाही माझ्याकडेच आहे. देवडीचे कुलूप आपण बदलल्यामुळे ती किल्ली आता लागत नाही, जिन्याची मात्र अजून लागते. ढिगारा उचलायला माणसे पाठवाल त्या दिवशी कोणालाही पाठवून ती न्यावी, म्हणजे धाब्यावर जाऊन पन्हळ मोकळी करता येईल.

उत्तर पोस्टकार्डावर पाठवले तरी चालेल. त्याला अजूनही ५० पैसेच पडतात.

आपली,
पूर्वेकडच्या भिंतीची शेजारीण